ग्रीन कार्ड आहे, ३२७ दिवस भारतात आहे, नवरा वेगळा झाला आहे. परत जाता येईल ना?

अंगणवेल, २६ ऑगस्ट

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. काल रात्री कॅलेंडर घेऊन दिवस मोजले आणि पोटात गोळा आला. मी गेल्या ३ ऑक्टोबरला न्यू जर्सीहून निघाले. आज ३२७ दिवस झाले.

माझं ग्रीन कार्ड २०१७ चं, दहा वर्षांचं. नवऱ्याच्या कंपनीने त्याच्यासाठी अर्ज केला होता. बायको म्हणून मला आणि मुलगी म्हणून लेकीला त्याच अर्जातून कार्ड मिळालं. तेव्हा आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. कार्ड आल्यावर मी एका फार्मसीत टेक्निशियन म्हणून लागले आणि निघेपर्यंत तिथेच होते. लेक आता एकोणीसची आहे, तिथेच कॉलेजात शिकते.

आईला गेल्या सप्टेंबरात पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. मी एकुलती एक. तीन महिन्यांची रजा टाकून आले, परतीचं तिकीट १५ जानेवारीचं होतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आईला दुसरा झटका आला आणि बोलणंही गेलं. तिकीट मार्चवर ढकललं, मग जूनवर. रजा संपली तशी नोकरीही संपली. त्याआधी २०२२ मध्ये बाबांच्या आजारपणात मी सात महिने इथे होते. तेव्हा परत जाताना विमानतळावर दोनच प्रश्न विचारले आणि सोडलं.

फेब्रुवारीत नवऱ्याने फोनवर सांगितलं की त्याला वेगळं व्हायचंय. भांडण नाही, आरडाओरडा नाही, हवामान सांगावं तसं सांगितलं. ३१ मेला अपार्टमेंटची लीज संपली, तो दुसरीकडे राहायला गेला. जोडखातं बंद केलं. माझे अकरा खोके त्याच्या गॅरेजमध्ये पडून आहेत आणि ते जहाजाने भारतात पाठवतो म्हणतो. टॅक्स त्याने या वर्षी एकट्याचा भरला. माझं काय करायचं, हे मला कोणी विचारलंही नाही.

जुलैत त्याच्या वकिलाकडून सही करण्यासाठी कागद आले. सामंजस्याने घटस्फोट, पैशांची वाटणी वगैरे. त्यात एक वाक्य आहे: पत्नी ऑक्टोबर २०२४ पासून कायमची भारतात स्थायिक झाली आहे. नवरा म्हणतो, सही कर म्हणजे लवकर मोकळे होऊ. मी उशीर केला तर म्हणतो, कार्ड माझ्यामुळे मिळालं होतं, एक पत्र टाकलं की रद्द होईल.

मला परत जायचंय. लेक तिथे आहे, माझं काम तिथे आहे. पण आई अजून चमच्याने भरवल्याशिवाय खात नाही. वर्ष उलटायच्या आत जाऊन यायचं ठरवलं तर तिथे माझा पत्ता कुठला? घर नाही, नोकरी नाही, नवरा नाही. अधिकाऱ्याने विचारलं की तुमचं इथे काय आहे, तर मी काय दाखवू? आणि तो खरंच पत्र टाकून कार्ड घालवू शकतो का? ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांनी कृपया सांगा.

मुसाफिर, २६ ऑगस्ट

वर्षाच्या आत आहात म्हणजे घाबरायचं कारण नाही. मी दर सहा महिन्यांनी जाऊन पंधरा दिवस राहून येतो. तिथल्या जमिनीला पाय लागले की घड्याळ पुन्हा शून्यावर. पाच वर्षं असंच चाललंय.

रानजाई, २७ ऑगस्ट

अंगणवेल ताई, तुमचं वाचून झोप लागली नाही, म्हणून पहाटे उठून लिहितेय. सगळ्यात आधी: त्या कागदावर आहे तशी सही करू नका. बाकीचं मग वाचलंत तरी चालेल.

तो घटस्फोटाचा कागद आहे, पण ते एक वाक्य इमिग्रेशनचं आहे. ग्रीन कार्ड नुसत्या दिवसांच्या मोजणीवर जात नाही, ते जातं ‘हिने इथलं राहणं सोडून दिलं’ असं ठरलं तर. उद्या विमानतळावर किंवा इमिग्रेशन कोर्टात तुम्ही म्हणणार, आईच्या आजारपणासाठी तात्पुरती गेले होते. आणि समोर तुमच्याच सहीचा कागद असणार, कायमची स्थायिक झाले म्हणून. वाक्य बदलून मागा: पत्नी आईच्या आजारपणामुळे ऑक्टोबर २०२४ पासून तात्पुरती भारतात आहे. खरं आहे तेच लिहायला सांगताय, यात आडमुठेपणा काही नाही. त्याच्या वकिलालाही त्या शब्दाचं काही पडलेलं नसेल. पण तो वकील त्याचा आहे, तुमचा नव्हे. तुम्ही तुमचा वेगळा करा. शक्यतो घटस्फोटासाठी न्यू जर्सीतला एक आणि इमिग्रेशनसाठी एक. इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा असतो, त्यामुळे तो दुसरा कुठल्याही राज्यातला चालतो. दोघांना एकमेकांशी बोलायला लावा, हे बहुतेक जण करत नाहीत. आणि कोर्टाचं समन्स रीतसर हातात पडलं तर गप्प बसू नका. न्यू जर्सीत उत्तर द्यायला ३५ दिवस असतात, ते चुकले की तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी निकाल लागू शकतो.

आता त्याच्या धमकीबद्दल. नवऱ्याच्या पत्राने तुमचं कार्ड रद्द होत नाही. तुमचा अर्ज त्याच्या मागून गेला होता खरा, पण कार्ड मिळालं त्या दिवशी कायम रहिवाशाचा दर्जा तुमचा स्वतःचा झाला. खऱ्या लग्नातून मिळालेलं दहा वर्षांचं कार्ड नंतरच्या घटस्फोटाने जात नाही. दर्जा काढून घ्यायचा तर सरकारला इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जावं लागतं, आणि तिथे पुराव्याचा भार सरकारवर असतो. नाहीतर तुम्ही स्वतः लिहून द्यावं लागतं.

हे मी इतक्या ठामपणे सांगतेय कारण माझं प्रकरण तुमच्यापेक्षा नाजूक होतं. माझं लग्न अमेरिकन नागरिकाशी झालं आणि कार्ड मिळालं तेव्हा लग्नाला दोन वर्षं व्हायची होती. अशांना दोनच वर्षांचं, अटीचं कार्ड देतात. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत नवरा-बायको दोघांनी मिळून आय-७५१ हा अर्ज करायचा असतो. माझा नवरा त्या ९० दिवसांच्या तीन आठवडे आधी घर सोडून गेला. तोही हेच म्हणायचा, माझ्या सहीवर तुझं सगळं आहे. नव्हतं. लग्न खरेपणाने केलं होतं पण मोडलं, या कारणावर एकटीने अर्ज करता येतो. छळ झाला असेल तर त्या कारणावरही एकटीला करता येतो. मी केला तेव्हा घटस्फोटाचा निकाल यायचा होता. नुसतं वेगळं राहणं त्यांना पुरत नाही, लग्न कायद्याने संपल्याचा कागद लागतो. त्यांनी पत्र पाठवून निकालाची प्रत मागितली, जास्तीत जास्त ८७ दिवस दिले. माझा निकाल एकसष्टाव्या दिवशी हातात आला. ते दिवस मी कसे काढले ते आता आठवत नाही.

तेव्हाची एक गोष्ट तुमच्या कामाची. माझे सगळे कागद त्याच्याकडे होते आणि तो देत नव्हता. मग कळलं की एकत्र भरलेल्या टॅक्सचा उतारा आयआरएसकडून, म्हणजे तिथल्या कर खात्याकडून, आपल्यालाही मिळतो, कारण रिटर्नवर आपलीही सही असते. इमिग्रेशनच्या फाइलची प्रत माहितीच्या कायद्याखाली मागवता येते. नवऱ्याच्या दारात उभं राहावं लागलं नाही.

मुसाफिर, तुमच्याशी वाद घालायचा नाही, पण घड्याळ शून्यावर येतं हे कृपया कुणाला सांगू नका. घड्याळं तीन आहेत आणि लोक त्यांचा गुंता करतात. १८० दिवसांपेक्षा जास्त सलग बाहेर राहिलं की परतताना आपण नव्याने प्रवेश मागणारे धरले जातो, म्हणजे खोलात चौकशी होऊ शकते. एक वर्ष झालं की नुसतं कार्ड प्रवेशाचा कागद म्हणून चालत नाही. विमान कंपनी भारतातच अडवू शकते. तिसरं घड्याळ नागरिकत्वाचं. तिथे सहा महिन्यांवरची गैरहजेरी सलग वास्तव्य तुटल्याचा संशय निर्माण करते आणि वर्षाची असेल तर ते तुटतंच. या तिन्हींच्या वर खरा प्रश्न उरतो तो हा, की तुमचं घर कुठे आहे. १९७५ मध्ये केन नावाच्या बाईंचं प्रकरण इमिग्रेशनच्या अपील मंडळापुढे गेलं होतं. त्या वर्षातले अकरा महिने जमैकात स्वतःचं लॉज चालवायच्या आणि एक महिना अमेरिकेत यायच्या. दर वर्षी वेळेत यायच्या, तरी दर्जा गेला. बाहेर कशासाठी गेलात, ते काम कधी संपणार होतं, आणि घर-नोकरी कुठे होती, हे त्या निकालात पाहिलं आणि आजही तेच पाहतात.

ताई, त्या कसोटीवर तुमची बाजू चांगली आहे. जाण्याचं कारण होतं, परतीची तारीख होती, ती आजारपणामुळे हलली. १५ जानेवारीच्या तिकिटाचा ईमेल पुसला नसेल ना? तो तुमच्याकडचा सगळ्यात मोलाचा कागद आहे. त्यानंतरचे दोन्ही बदल, हॉस्पिटलचे दोन्ही डिस्चार्ज कार्ड, नोकरीवरचा रजेचा अर्ज, सगळं तारखेच्या क्रमाने एका फाइलीत लावा. २०२२ च्या बाबांच्या वेळचेही कागद लावा.

आणि ते अकरा खोके भारतात येऊ देऊ नका. ‘कायमचं परतले म्हणून घरसामान आणतेय’ या सवलतीखाली तुमच्या नावाने ते कस्टममधून सुटले, की आणखी एक कागद तुमच्याविरुद्ध तयार. लेकीच्या जवळपास एखादं स्टोरेज तुमच्या नावाने घ्या आणि खोके तिथे हलवा.

अंगणवेल, २७ ऑगस्ट

रानजाई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. तिकिटाचे तिन्ही ईमेल सापडले. वर्ष व्हायच्या आत जायचं हे नक्की केलं. पण गेले आणि परत आईकडे यावंच लागणार, कदाचित आणखी वर्षभर. मग पुन्हा हाच प्रश्न नाही का?

आबा, २८ ऑगस्ट

ताई, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. तुमच्यापुढे माझी चूक ठेवतो.

मुलगी तिथली नागरिक. तिने आम्हा दोघांची ग्रीन कार्डं केली. आम्ही वर्षातले आठ-नऊ महिने भारतात आणि तीन-चार महिने तिच्याकडे असं करत होतो. दोन वेळा काही झालं नाही. तिसऱ्या वेळी, वीस तासांच्या प्रवासानंतर, मला आतल्या खोलीत बसवलं. हिला मधुमेह, तिला बाहेर एकटीला बसवलेलं. अधिकारी म्हणाला, तुम्ही इथे राहत नाही, हा फॉर्म भरा, आज व्हिजिटर म्हणून आत सोडतो. फॉर्मचं नाव आय-४०७. मी वाचला नाही. मला इतकंच दिसत होतं की हिला भूक लागली असेल. मी सही केली.

त्या फॉर्मवर लिहिलेलं असतं की मी माझ्या मर्जीने कायम वास्तव्याचा दर्जा सोडत आहे. सही करायलाच हवी असं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर त्यांना मला न्यायाधीशापुढे हजर व्हायची नोटीस द्यावी लागली असती. कार्ड ठेवून घेतलं असतं तरी निकाल लागेपर्यंत माझा दर्जा टिकला असता आणि त्याचा तात्पुरता पुरावा मिळाला असता. हे मला मुलीच्या वकिलाने दुसऱ्या दिवशी सांगितलं. मुलीने पुन्हा पहिल्यापासून अर्ज केला. मधल्या काळात तिचं बाळंतपण झालं तेव्हा हिला तिच्याजवळ राहता आलं नाही. हिने मला त्याबद्दल एका शब्दानेही बोल लावला नाही.

तुमच्या बाजूने खरी कारणं आहेत. थकवा आला, रडू आलं, तरी तो फॉर्म भरू नका. शांतपणे म्हणा, मी दर्जा सोडलेला नाही, मला न्यायाधीशापुढे म्हणणं मांडायचं आहे. हे वाक्य इंग्रजीत पाठ करून जा. आवाज चढवायची गरज नाही. आणि जाण्याआधी दोन घास खाऊन घ्या, पाण्याची बाटली जवळ ठेवा. रिकाम्या पोटी माणूस कशालाही हो म्हणतो.

रानजाई, २८ ऑगस्ट

आबा, तुम्ही हे लिहिलंत म्हणून कितीतरी जण वाचतील.

अंगणवेल ताई, तुम्ही विचारलंत त्याला उत्तर आहे, रीएंट्री परमिट, म्हणजे लांब मुदतीसाठी बाहेर राहून परत येण्याचा परवाना. फॉर्म आय-१३१. पण तो भारतातून भरता येत नाही. अर्ज करताना तुम्ही अमेरिकेच्या भूमीवर असायला हवं. भरल्यावर बोटांचे ठसे द्यायला बोलावतात, तेही तिथेच द्यायचे. कधी तीन-चार आठवड्यांत बोलावतात, कधी जास्त लागतात, त्यामुळे परतीचं तिकीट ठसे झाल्यावरच काढा. ठसे दिले की निघता येतं. परमिट अमेरिकन वकिलातीत पाठवा असं अर्जातच सांगता येतं, मग तुम्ही मुंबईतून घेऊ शकता.

परमिट दोन वर्षांपर्यंतचं मिळतं. गेल्या पाच वर्षांतली चारहून जास्त वर्षं बाहेर काढली असतील तर एकच वर्षाचं देतात, पण तुमचे जेमतेम दीड वर्षच होतात. परमिट असलं की केवळ लांब मुदतीच्या गैरहजेरीवर दर्जा सोडला असं धरता येत नाही. तरी ते विम्यासारखं सगळं झाकत नाही. पत्ता, टॅक्स, बँक हे सगळं चालू ठेवावंच लागतं.

वर्ष उलटून गेलं असतं तर रस्ता फार चढाचा होता. परत येणाऱ्या रहिवाशासाठी एसबी-१ नावाचा व्हिसा असतो. त्यासाठी वकिलातीत सिद्ध करावं लागतं की परतायचा विचार कायम होता आणि मुक्काम लांबला तो आपल्या हाताबाहेरच्या कारणाने. आजारी आईची सेवा हे कारण खरं असतं, पण ‘हाताबाहेरचं’ या शब्दावर तिथे फार घासाघीस होते. ३ ऑक्टोबरच्या आत जमिनीवर उतरा. दोन दिवस आधी नको, दोन आठवडे आधी. विमानं रद्द होतात.

नागरिकत्वाचा विचार असेल तर आत्ताच मनाची तयारी ठेवा. तुमच्यासाठी नियम पाच वर्षांचा, आणि त्या पाच वर्षांत किमान ३० महिने प्रत्यक्ष तिथे हजर असावं लागतं. परमिटने ग्रीन कार्ड वाचतं, नागरिकत्वासाठीचं सलग वास्तव्य वाचत नाही. ते पुन्हा मोजायला लागेल. लागू दे.

हिशेबनीस, २९ ऑगस्ट

फक्त टॅक्सचं लिहितो, कारण तो मुद्दा इथे निसटून चाललाय आणि दर्जा सोडल्याचे पुरावे शोधताना तिथेच आधी बघतात.

तुमच्यासाठी रहिवाशांचा टॅक्स रिटर्न, फॉर्म १०४०. अनिवासींचा १०४०-एनआर चुकूनही नाही. भारतात राहून कमाई नाही म्हणून अनिवासी भरून टाका असा सल्ला देणारे भेटतात. त्या फॉर्मवर सही म्हणजे मी इथली रहिवासी नाही असं स्वतः सांगणं. ग्रीन कार्ड आहे तोवर जगभरचं उत्पन्न दाखवायचं. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत ते उत्पन्नच.

नवऱ्याने एकट्याचा भरलाय याचा अर्थ त्याने विवाहित पण स्वतंत्र असा भरला असणार. मग तुम्हालाही तुमचा वेगळा भरावा लागेल. या प्रकारात रिटर्न भरायची मर्यादा फक्त ५ डॉलर उत्पन्नाची आहे, आणि तुम्ही ऑक्टोबरपर्यंत फार्मसीत पगार घेत होतात. म्हणजे २०२४ चं रिटर्न राहिलंय. मुदत टळली तरी भरा, जाण्याआधी भरा आणि प्रत फाइलीत ठेवा. पगारातून कापलेला कर परत मिळायचीही शक्यता आहे.

दुसरं, भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एका दिवशी जरी १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो. तो टॅक्स रिटर्नबरोबर जात नाही, वेगळा ऑनलाइन भरायचा.

तिसरं, पत्ता बदलल्यावर १० दिवसांत एआर-११ भरून कळवायचा असतो. लीज मेमध्ये संपली, त्यामुळे तुमचा नोंदवलेला पत्ता आता कुणाचाच नाही. सरकारी पत्रं तिथे जाऊन हरवतील. नातेवाईक किंवा मैत्रिणीकडे खरोखर उतरणार असाल तर गेल्यावर लगेच तो पत्ता कळवा. ड्रायव्हिंग लायसन्सवरचाही बदला.

मुसाफिर, ३० ऑगस्ट

केनबाईंचं वाचून गप्प झालो होतो. माझं वर्ष मोजलं तर मी त्यांच्यासारखाच आहे. आज वकिलाची वेळ घेतली. रानजाई, धन्यवाद.

अंगणवेल, ८ नोव्हेंबर

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. मी १९ सप्टेंबरला उतरले, ३५१ व्या दिवशी.

निघण्याआधी आईसाठी दिवस-रात्रीच्या दोन बाया ठेवल्या, मावशी येऊन राहिली. आईला कळत होतं. तिने डाव्या हाताने माझा पदर धरून ठेवला होता, तो सोडवून निघाले.

विमानतळावर आतल्या खोलीत बसवलं. आबा, मी विमानात दोन वेळा जेवले होते आणि तुमचं वाक्य पाठ होतं. अधिकारी बाई होत्या. इतके दिवस का, कुठे राहणार, काम काय करता, टॅक्स भरता का, हे सगळं विचारलं. मी फाइल पुढे केली. पहिला कागद १५ जानेवारीच्या तिकिटाचा होता. त्यांनी तो वाचला, मग डिस्चार्ज कार्डाच्या तारखा त्याच्याशी ताडून पाहिल्या. नवरा कुठे आहे असंही विचारलं. मी म्हटलं, आम्ही वेगळे झालोय, घटस्फोट चालू आहे. याला मी सगळ्यात घाबरत होते आणि त्यांनी मान हलवून पुढचा प्रश्न विचारला. चाळीस मिनिटांनी पासपोर्टवर शिक्का मारून त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी परमिट घेऊन जा. फॉर्म वगैरे पुढे आलाच नाही. बाहेर लेक उभी होती.

फार्मसीतल्या मैत्रिणीने तिच्या घरातली मागची खोली दिली, भाड्याचा साधा करार केला. एआर-११ त्याच रात्री भरला. २०२४ चं रिटर्न निघण्याआधीच भरलं होतं, हिशेबनीस म्हणाले तसे थोडे पैसे परतही येणार आहेत. खोके स्टोरेजमध्ये माझ्या नावावर आहेत. त्यातला एक उघडला, स्वयंपाकाचं सामान निघालं, तो तसाच बंद केला.

आय-१३१ २४ सप्टेंबरला पाठवला, ठसे २२ ऑक्टोबरला झाले. परमिट मुंबईच्या वकिलातीत येईल. जुन्या फार्मसीतल्या वरिष्ठांना भेटले. टेक्निशियनची नोंदणी चालू ठेवा, परत याल तेव्हा बघू, म्हणाले.

घटस्फोटाच्या कागदातलं ते वाक्य बदललं. माझ्या वकिलाने दोन ओळींचं पत्र लिहिलं आणि समोरून एका दिवसात होकार आला. रानजाई, तुम्ही म्हणालात तसंच, त्यांना त्या शब्दाचं काहीच नव्हतं. मी मात्र जुलैत दोन वेळा पेन हातात घेतलं होतं.

मंगळवारी आईकडे निघतेय. हिशेबनीस, एकच विचारायचं आहे. आईच्या पेन्शनच्या खात्यात माझं नाव दुसरं आहे, पैसे सगळे तिचेच. एफबारमध्ये ते मोजायचं का?

हिशेबनीस, ८ नोव्हेंबर

हो, मोजायचं. जोडखातं असलं तर पूर्ण शिल्लक धरायची, तुमचा वाटा म्हणून निम्मी नाही. पैसे आईचे असले तरी खात्यावर तुमचं नाव आहे, हे पुरेसं. नुसतं वारस म्हणून नामांकन असेल आणि व्यवहाराचा अधिकार नसेल तर ते खातं धरायचं नाही. बँकेच्या पासबुकावर पहिल्या पानाला दुसरं नाव छापलंय का ते आई जवळ असताना बघून घ्या.